बाबांची जुनी हेलिओस लेन्स आजच्या सोनीवर कशी वापरायची?

प्रश्न थोडक्यात असा: बाबांच्या झेनिट कॅमेऱ्याची हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी एफ/२ लेन्स कपाटात चामड्याच्या कव्हरमध्ये सापडली. आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. विचारणाऱ्याकडे सोनी ए६४०० आहे, मामांकडे निकॉन डी५६००. ही लेन्स कशावर लागेल, अ‍ॅडॉप्टर कुठला घ्यायचा, कॅमेऱ्याला काही होणार नाही ना, आणि जमलंच तर अशा आणखी लेन्स जमवण्यात अर्थ आहे का?

सोनीवर बिनधास्त लावा. कॅमेऱ्याला काही होत नाही. निकॉनचा विचार सोडून द्या. आणि जाळ्यासारखं जे दिसतंय ती बहुधा बुरशी आहे, तिचं आधी बघा.

निकॉनवर का नाही, ते समजून घेतलंत तर पुढे कुठलीही जुनी लेन्स घेताना फसणार नाही. लेन्स जिथे बॉडीला टेकते तिथून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बॉडीला जोडायच्या पद्धतीत, ठरलेलं असतं. तुमची लेन्स आट्यांची आहे, ४२ मिमी व्यास आणि १ मिमीचा आटा, म्हणून तिला एम४२ म्हणतात. १९४९ च्या कॉन्टॅक्स एस या ड्रेस्डेनच्या कॅमेऱ्यापासून ही पद्धत रुळली. मग प्राक्टिका, पेंटॅक्स, झेनिट अशा कितीतरी कॅमेऱ्यांनी ती उचलली. पेंटॅक्सने तर १९७५ मध्ये के माउंट आणेपर्यंत तीच वापरली. एम४२ मध्ये हे अंतर ४५.४६ मिमी असतं. सोनी ई माउंटमध्ये आरसाच नाही, त्यामुळे तिथे ते फक्त १८ मिमी. मधले २७.४६ मिमी भरून काढणारी धातूची पोकळ नळी म्हणजे तुमचा अ‍ॅडॉप्टर. त्यात काच नाही, सर्किट नाही, बिघडण्यासारखं काही नाही.

निकॉन एफ माउंटचं अंतर आहे ४६.५ मिमी. म्हणजे बॉडीच लेन्सला हवी त्यापेक्षा मिलिमीटरभर जास्त खोल. नळी लावायला जागा उरतच नाही, उलट लेन्स आहे तिथून आत ढकलावी लागेल. साध्या रिंगने हेलिओस निकॉनवर चढवली तर तीनेक मीटरच्या पलीकडचं काहीही धारदार येत नाही. त्यावर उपाय म्हणून मध्ये छोटी काच बसवलेले अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण चांगल्या लेन्सच्या मागे स्वस्तातली काच लावायची आणि मग जुन्या लेन्सला नावं ठेवायची, हा उद्योग करू नये. शिवाय डी५६०० चा उजेड मोजणारा मीटर अशा लेन्सबरोबर चालतच नाही. एक्स्पोजर पूर्ण अंदाजाने, आणि लहानशा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये एफ/२ चा फोकस नुसत्या डोळ्याने. मामांना हौसच असेल तर निकॉनच्याच जुन्या मॅन्युअल लेन्स त्यांच्या कॅमेऱ्यावर बसतील, मीटरशिवाय का होईना. मात्र १९७७ च्या आधीच्या, ज्यांना नॉन-एआय म्हणतात, त्या लेन्स डी७०००, डी७१००, डी७२०० किंवा डी७५० सारख्या बॉडीवर चढवू नका. त्या बॉडींच्या माउंटजवळ एक छोटी खिट्टी असते, ती मोडू शकते.

कॅनन ईएफ माउंट ४४ मिमीचा, म्हणून कॅननच्या डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर, एम४२ पातळ रिंगने व्यवस्थित बसते. मिनोल्टा एमडी ४३.५ मिमी आणि कॅननचंच जुनं एफडी ४२ मिमी. हे दोन्ही ईएफला कमी पडतात. म्हणूनच डीएसएलआरच्या जमान्यात या लेन्सना कुणी विचारत नव्हतं. २००८ मध्ये पॅनासोनिक जी१ हा बिनआरशाचा, म्हणजे मिररलेस, कॅमेरा आला, २०१० मध्ये सोनीचे नेक्स आले, २०१३ मध्ये ए७ मुळे फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा, सेन्सरही आरशाविना मिळाला, आणि धूळ खात पडलेल्या या लेन्स अचानक कामाच्या झाल्या. किमतीही चढल्या, ते ओघानं आलंच.

अ‍ॅडॉप्टर मागवताना 'एम४२ ते सोनी ई' असं नीट वाचून मागवा. एम३९ हा सापळा आहे. जुन्या झेनिटच्या काही लेन्स ३९ मिमी आट्यांच्या होत्या आणि लायकाच्या जुन्या लेन्सही ३९ मिमीच्याच. आटे बसतात, पण लायकाचं अंतर २८.८ मिमी आणि झेनिटचं ४५ च्या आसपास, त्यामुळे चुकीच्या नळीवर झेनिटची लेन्स कुठेच फोकस होत नाही. तुमची ४४-२ बहुधा एम४२ च असेल, तरी पट्टी लावून मोजा. दुसरं, काही अ‍ॅडॉप्टरना आतून एक कडा असते. ज्या एम४२ लेन्सच्या मागे अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं पात्यांचं भोक, एफचा आकडा लहान तितकं मोठं) मिटणारी पिन असते ती पिन ही कडा दाबून धरते. ४४-२ ला पिन नसते, तुम्हाला कडेचा उपयोगही नाही आणि अडचणही नाही. पुढे ४४एम ही हेलिओसचीच नंतरची आवृत्ती किंवा पेंटॅक्सची टाकुमार घेतलीत तर मात्र कडा असलेला अ‍ॅडॉप्टर सोयीचा, किंवा लेन्सवरचं ए-एम (ऑटो-मॅन्युअल) बटण एमवर ठेवायचं.

अ‍ॅडॉप्टर हातात आल्यावर आधी त्याच्या आत डोकावून बघा. स्वस्त नळीची आतली भिंत कधीकधी चकाकते, आणि मग उजेडाविरुद्धच्या फोटोत मधोमध पांढुरका धब्बा येतो. लोक तो लेन्सचा दोष समजतात. आत मॅट काळा रंग किंवा मखमली काळा कागद लावला की काम होतं. दुसरी पाहणी अनंताची, म्हणजे खूप लांबच्या वस्तूवर फोकस बसतो का याची. बहुतेक अ‍ॅडॉप्टर मुद्दाम केसभर आखूड करतात, म्हणजे अनंतावर फोकस नक्की पोचतो, पण लेन्स अनंताच्या खुणेपुढेही थोडी जाते. पुण्यात असाल तर सिंहगडावरचा टॉवर, मुंबईत असाल तर समुद्रातलं लांबचं जहाज, एफ/२ वर पूर्ण मोठं करून बघा आणि खरं अनंत रिंगवर कुठे येतं ते लक्षात ठेवा. रिंग टोकाला नेऊन ठेवली म्हणजे डोंगर धारदार येणारच, असं धरून चालू नका.

आता बुरशी. मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून आत सोडा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि पुढून तिरकं बघा. पांढऱ्या फांद्या फुटल्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा पसरलेला धुरकटपणा म्हणजे बहुधा आतल्या वंगणाची वाफ काचेवर बसलेली. कडेला इंद्रधनुषी चमक किंवा चट्टा असेल तर चिकटवलेल्या दोन काचा सुटायला लागल्यात, ते सोडून द्यावं असं दुखणं. धुळीचे चार कण असतील तर त्यांच्याकडे बघूही नका, फोटोत ते दिसत नाहीत. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही फारसा त्रास देत नाही, मागच्या काचेवरचा देतो.

कडेला थोडी बुरशी असेल तर फोटोवर लगेच फरक दिसणार नाही, पण ती वाढते आणि काचेवरचं कोटिंग खाते. मग पुसूनही डाग राहतो. त्यामुळे साफ करून घ्यायची ती आत्ता. जुन्या लेन्स उघडणारा कारागीर शोधा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे विचारलंत तर कुणीतरी पत्ता देईल. त्याला आधी विचारा, हेलिओस उघडलीय का कधी? ही लेन्स उघडायला सोपी आहे, पण फोकसचे आटे कुठल्या जागी लागले होते ते न खुणावता सोडले तर परत जुळवताना अनंत हरवतं. वंगणही बदलून मागा. जुन्या रशियन लेन्समधलं वंगण इतक्या वर्षांत घट्ट होतं, मग रिंग फिरवताना अ‍ॅडॉप्टरच आट्यातून सुटायला लागतो.

अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं तर घाबरू नका. आजकालच्या लेन्समध्ये ते वाईट, कारण पाती क्षणात मिटावी लागतात. तुमच्या लेन्समध्ये पाती तुम्ही हाताने फिरवणार, ती अर्धा सेकंद उशिरा मिटली तरी काय बिघडलं? तेच तेल काचेवर चढतंय का, एवढंच बघा.

आणि ते चामड्याचं कव्हर आठवण म्हणून वेगळं ठेवा, लेन्स त्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं. आपल्याकडे पावसाळ्यात, त्यातून मुंबई-कोकणात, बुरशीला दुसरं काही लागत नाही. ड्राय कॅबिनेट असेल तर उत्तम. नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहू द्या. तांदळात लेन्स पुरून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या, तांदळाची पूड आट्यांत जाते. उन्हात ठेवून बुरशी मारायचा उपाय घरोघरी सांगतात, पण त्याने डाग जात नाहीत, आणि उघडी लेन्स उन्हात विसरली तर ती भिंगाचं काम करते. पडदा जळायला वेळ लागत नाही.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फार काही नाही. लेन्सला इलेक्ट्रॉनिक जोडणी नाही, त्यामुळे सोनीला वाटतं की लेन्स लावलेलीच नाही आणि शटर दबत नाही. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर सोडण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. फुजीत, कॅननच्या मिररलेसमध्येही वेगळ्या नावाने तोच पर्याय असतो. मग ए मोड, म्हणजे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी. अ‍ॅपर्चर तुम्ही लेन्सवर फिरवाल, आत येणारा उजेड कॅमेरा मोजेल, शटर स्पीड तो ठरवेल. स्क्रीनवर अ‍ॅपर्चरच्या जागी दोन आडव्या रेघा दिसतील आणि फोटोच्या माहितीतही आकडा येणार नाही. ऑटो आयएसओमध्ये किमान शटर १/१२५ वर बांधा. ए६४०० च्या बॉडीत हलणं रोखणारं स्टॅबिलायझेशन नाही, आणि ५८ मिमी लेन्स तुमच्या सेन्सरवर ८७ मिमीइतकी जवळ दाखवते. ज्यांच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे त्यांनी मेनूत फोकल लेंग्थ हाताने भरावी, आणि ती ५८ च भरावी, ८७ नाही.

लेन्सच्या पुढच्या भागात अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा दिसतील. नवा माणूस इथे गोंधळतो. आकडे असलेली रिंग टकटक करत थांबते, ती फक्त मर्यादा ठरवते. दुसरी गुळगुळीत फिरते, ती पाती प्रत्यक्ष उघडते-मिटते. समजा पहिली ४ वर ठेवली, तर दुसरी २ आणि ४ यांच्यामध्ये फिरेल, पुढे जाणार नाही. फिल्मच्या काळात याचा हेतू असा की उघड्या अ‍ॅपर्चरवर झगझगीत व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस करायचा आणि डोळा न काढता रिंग टोकाला नेऊन फोटो घ्यायचा. तुम्हाला याची गरज कमी, कारण इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर उजेड स्वतः वाढवतो. ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो घ्यायचाय त्याच अ‍ॅपर्चरवर फोकस करा. माझं तर मत असं की ही लेन्स झेनिटवर जितकी नीट वापरता येत नव्हती तितकी आज येते. झेनिटच्या अंधुक काचेत जे डोळ्यांना कळायचं नाही ते आज बारा पट मोठं करून दिसतं.

फोकसचं मात्र शिकावं लागेल, खरी मेहनत इथेच आहे. सगळे आधी पीकिंग चालू करतात, म्हणजे धारदार कडांवर लाल किंवा पिवळी रेघ. ते चांगलं आहे, पण एफ/२ ला ते थापा मारतं. हिशेब बघा: तुमच्या सेन्सरवर ५८ मिमी, एफ/२, माणूस एक मीटरवर. धारदार पट्टा सगळा मिळून जेमतेम अडीच सेंटिमीटर. आजीचा फोटो काढताय, तिने चष्मा लावलाय. पीकिंगला चष्म्याची काळी फ्रेम आवडते, तिथे लाल रेघ झळकते, तुम्ही शटर दाबता. घरी येऊन बघावं तर फ्रेमवरची स्क्रूसुद्धा मोजता येते आणि डोळे मऊ. डोळा फ्रेमच्या दीड-दोन सेंटिमीटर मागे होता, पट्ट्याच्या बाहेर. म्हणून पीकिंग कमी पातळीवर ठेवा, ते फक्त अंदाजाला. शेवटचा निर्णय मॅग्निफायरवर. फोकस मॅग्निफायर अशा बटणावर बसवा जिथे अंगठा आपोआप जातो, चौकट डोळ्यावर न्या, मोठं करा, पापणीचे केस सुटे दिसेपर्यंत रिंग फिरवा. मग रिंगला हात न लावता शरीर किंचित पुढे-मागे करा आणि तीन-चार फोटो सलग घ्या. कारण माणूस श्वास घेतो, तुम्हीही घेता, अडीच सेंटिमीटर त्यातच निघून जातात. दीड मीटरवर गेलात तर पट्टा दुपटीहून मोठा होतो, एफ/२.८ ला आणखी. सुरुवातीचे दिवस दीड मीटर आणि एफ/२.८ वर काढा. पळणारी मुलं, लग्नातला घाईचा क्षण यांसाठी तुमची ऑटोफोकसची लेन्सच लावा. हट्ट करण्यात अर्थ नाही.

रस्त्यावर फिरताना उलटा मार्ग: एफ/८, रिंग तीन मीटरवर, आणि मग रिंगला हातच लावायचा नाही. लेन्सवर कुठून कुठपर्यंत धारदार येईल ते दाखवणाऱ्या खुणा आहेत. त्या फिल्मसाठी आखलेल्या, तुमच्या लहान सेन्सरसाठी एक-दीड स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी) कडक धरा. म्हणजे एफ/८ ला घेताना ५.६ च्या किंवा त्याहून आतल्या खुणा वाचा.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर. हेलिओस ही कार्ल झाइस येनाच्या बायोटार ५८ मिमी एफ/२ चं सोव्हिएत भावंड. क्रास्नोगोर्स्क, वाल्दाई आणि मिन्स्कच्या कारखान्यांत ती प्रचंड संख्येने बनली. तुमच्या लेन्सवरच्या अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुतेकदा सालाचे असतात, बघा जुळतंय का. एकेका लेन्समध्ये फरक बराच, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या हेलिओसचे फोटो बघून स्वतःची जोखू नका. ४४-२ चं कोटिंग साधं, एका थराचं. सूर्य चौकटीत किंवा जरासा बाहेर असला की कॉन्ट्रास्ट धुऊन निघतो, काळ्याचा राखाडी होतो. काहींना तेच हवं असतं. नको असेल तर खोल हूड, म्हणजे आडवा उजेड अडवणारी पुढची नळी, लावा. पुढचा आटा ४९ मिमीचा असतो, रबरी हूड स्वस्तात मिळतं. माझ्या मते या लेन्सवर पहिला खर्च हूडचा करावा, यूव्ही फिल्टरचा नाही. फिल्टरने उजेड आणखी उसळतो. एफ/२ ला झाडाच्या फांद्या उजळ आभाळावर असतील तर कडांना जांभळी झाक येते, एफ/४ ला बरीचशी जाते. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा, कॉन्ट्रास्ट नंतर वाढवता येतो.

फिरत्या पार्श्वभूमीसाठी ही लेन्स प्रसिद्ध आहे, ती आपोआप येत नाही. विषय दीड-दोन मीटरवर, मागे आठ-दहा मीटरवर झाडी, पानांतून उजेडाचे ठिपके, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. तेव्हा कडेचे ठिपके लंबगोल होऊन मध्याभोवती फिरल्यासारखे दिसतात. साध्या भिंतीपुढे काहीच होत नाही. आणि एक निराशा आधीच सांगतो, हा परिणाम चौकटीच्या कडेला जास्त असतो, आणि तुमचा सेन्सर कडा कापून टाकतो. फुल फ्रेमवरचे फोटो बघून अपेक्षा ठेवलीत तर निम्मंच मिळेल. ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर, म्हणजे चित्र आवळून लहान सेन्सरवर बसवणारा काचेचा अ‍ॅडॉप्टर, लावून कडा परत आणता येतात, वर एक स्टॉप उजेडही वाढतो, पण चांगला रिड्यूसर महाग असतो आणि स्वस्त रिड्यूसरच्या कोपऱ्यांत चिखल होतो. एवढे पैसे घालायचे असतील तर जुनी फुल फ्रेम बॉडी बघा.

राहिला प्रश्न आणखी लेन्स घेण्याचा. ५० ते १३५ मिमीमधल्या, झूम नसलेल्या लेन्स घ्या. या टप्प्यात जुन्या लेन्स आजही लाज आणत नाहीत. याशिका, पेंटॅक्स, मिनोल्टा या कॅमेऱ्यांबरोबर आलेल्या ५० मिमीच्या लेन्स आपल्याकडे घराघरांतल्या कपाटांत पडलेल्या आहेत, आधी नातेवाइकांना विचारा. निकॉनची १०५ मिमी एफ/२.५ माणसांच्या फोटोंसाठी अप्रतिम आहे, आणि ५५ मिमी मायक्रो-निक्कोर फुलं, दागिने, जुनी कागदपत्रं टिपायला आजही कुणाच्या मागे नाही. १३५ मिमी एफ/३.५ लेन्स सहसा सगळ्यात स्वस्त मिळतात, कारण ही लांबी आज कुणाला नको असते. टाकुमार किंवा ज्युपिटर-३७ए मिळाली तर घ्या. सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच आहे, ती कालांतराने चहासारखी पिवळी पडते. यूव्ही एलईडीखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. तिचा किरणोत्सर्ग फोटो काढण्यापुरता घाबरण्यासारखा नाही, फक्त ती उघडून काच घासू नका.

वाइड घेऊ नका. जुनी २८ मिमी तुमच्या कॅमेऱ्यावर ४२ मिमीसारखी दिसते, म्हणजे वाइड राहतच नाही, आणि सोनीबरोबर आलेली साधी किट लेन्स कोपऱ्यांत तिच्यापेक्षा बरी असते. रेंजफाइंडरच्या, म्हणजे लायकासारख्या बिनआरशाच्या फिल्म कॅमेऱ्यांच्या, वाइड लेन्सचा तर मागचा भाग सेन्सरच्या इतका जवळ जातो की किरणं तिरकी पडून कडांना रंग चढतो. ७०-२१० छापाची जुनी झूमही नको. कॅनन एफडी घेताना अ‍ॅडॉप्टरवर लॉक-ओपनची फिरती कडी आहे का ते बघा, नाहीतर अ‍ॅपर्चर कायम उघडंच राहतं.

आणि विकत घेताना दुकानात किंवा जुन्या बाजारात लेन्स कॅमेऱ्याला लावून बघायचा आग्रह धरा. अ‍ॅडॉप्टर खिशात ठेवून जा. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, अध्येमध्ये अडकते का, डुगडुगते का बघा. टॉर्च मारा. एक फोटो एफ/२ ला, एक एफ/८ ला काढून तिथेच मोठा करून बघा. दुकानदार टॉर्च मारू देत नसेल तर ती लेन्स तिथेच राहू द्या.